संमतीपत्र घरी जाते त्या रात्री: मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा व आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांना सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस मुलींना देण्याचे काम आपल्याकडे आता वाढते आहे. लसीकरणाचे सत्र शाळेच्या सभागृहात होवो की प्राथमिक आरोग्य केंद्रात, पालकांना निरोप जातो तो तुमच्याच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. संमतीपत्र दुपारी दप्तरातून घरी जाते आणि रात्री जेवणे आटोपली की त्याच ग्रुपवर एखादा व्हिडिओ येऊन पडतो. सकाळपर्यंत त्यावर कुणी अक्षरही लिहिले नाही, तर संमतीपत्रे कोरी परत येतात. लस टोचणे हे आमचे काम आहे, पण ती एक रात्र तुमच्या हातात असते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी आजाराबद्दल थोडे. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचे निदान होते आणि पाऊण लाखाहून अधिक जणी त्यात दगावतात. आपल्या देशातल्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल हाच. जवळजवळ प्रत्येक रुग्णात मूळ एकच असते, ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. त्याचे प्रकार पुष्कळ, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार आपल्याकडच्या पाचांपैकी चार रुग्णांमागे असतात, आणि लस नेमकी त्यांच्यावर चालते. विषाणू शरीरात शिरल्यापासून कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे जातात. अडचण इथेच आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला, तेव्हा लस चुकलेली मुले काही दिवसांत रुग्णालयाच्या खाटांवर दिसली आणि लस न घेण्याचा परिणाम साऱ्या शहराने पाहिला. एचपीव्हीचे तसे होत नाही. आज नववीतल्या मुलीची लस चुकली तर त्याचा हिशेब २०४५ च्या सुमारास लागेल, आणि तोवर आजचा फॉरवर्ड कुणाला आठवणारही नाही. अफवा पसरवणाऱ्याला कधीच तोंड लपवावे लागत नाही ते यामुळे.

आता त्या फॉरवर्डची ठेवण बघा. आम्ही पाहतो ते साधारण या धाटणीचे असतात: ‘शेजारच्या जिल्ह्यात लस घेतल्यावर चाळीस मुली बेशुद्ध, दोघी गंभीर. डॉक्टर लपवत आहेत. ही लस घेतली की पुढे मूल होत नाही. डिलीट व्हायच्या आत सगळ्या ग्रुपवर टाका.’ जिल्हा मुद्दाम शेजारचा असतो. चौकशी करायला कुणी जाणार नाही इतका तो लांब आणि धास्ती वाटावी इतका जवळ. तारीख नसते, त्यामुळे तोच मजकूर दरवर्षी ताजा ठरतो. रुग्णालयाचे नाव नसते. ‘लपवत आहेत’ म्हटले की पुढे डॉक्टर जे काही सांगेल ते आपोआप लपवाछपवी ठरते. शेवटच्या वाक्याने घाई लावली की विचार करायला उसंत राहत नाही. सोबत व्हिडिओ असेल तर मुलींचे गणवेश, भिंतीवरच्या फलकाची लिपी, रुग्णवाहिकेची नंबरप्लेट पाहा. अनेकदा तो व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला, कधी दुसऱ्या देशातला आणि भलत्याच घटनेचा निघतो. संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे. एखाद्या दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गुगलवर चित्रावरून शोध घ्यायला दोन मिनिटे लागतात. शाळेतला संगणक शिक्षक हे सहज करू शकतो.

खऱ्या घटनेची पारख वेगळी असते. लसीनंतरचा गंभीर त्रास २४ तासांच्या आत वरिष्ठ कार्यालयाला कळवावाच लागतो आणि जिल्हा समिती त्याचे कारण तपासते. त्यामुळे घटना घडली असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला ती फोनवर विचारता येते. विचारा. ‘अफवा आहे, दुर्लक्ष करा’ असे न विचारता लिहून टाकणे हे फॉरवर्ड करण्याइतकेच बेजबाबदार आहे, कारण दहांतली एक घटना खरी निघाली की पुढच्या नऊ वेळा तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या पालकांना अडाणी म्हणू नका. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या गावात आई, मावशी, शेजारीण या सगळ्याजणी त्या शस्त्रक्रियेतून गेल्या आहेत, तिथे मुलीच्या गर्भाशयाचे नाव घेऊन कुणी सुई आणली तर आईच्या मनात पाल चुकचुकणारच. तिला आकडे नकोत, तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर हवे असते. जपान तर शिकलेला देश. तिथेही २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सरकारने या लसीची शिफारस थांबवली आणि लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याखाली आले. शिफारस पुन्हा पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले.

आपल्याच देशातले एक प्रकरण प्रत्येक मुख्याध्यापकाला, विशेषतः आश्रमशाळांच्या, माहीत असायला हवे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक, हिवताप अशी कारणे पुढे आली आणि लसीशी संबंध आढळला नाही. पण चौकशीत आणखी एक गोष्ट सापडली, ती मात्र खरी होती. कितीतरी संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लस निर्दोष ठरूनही प्रकल्प बदनाम झाला तो या सह्यांमुळे. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या एचपीव्हीच्या चाचण्यांतले लसीकरण थांबवले, आणि ‘आदिवासी मुलींवर प्रयोग’ हे वाक्य आजही प्रत्येक मोहिमेच्या आधी ग्रुपवर उगवते.

त्या थांबण्यातून पुढे जे निघाले तेही पालकांना सांगण्याजोगे आहे. त्याच वेळी बार्शी, पुणे, मुंबई धरून देशात काही ठिकाणी या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा वेगळा अभ्यास चालू होता. तोही अडकला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. डॉक्टरांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात असे दिसले की १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोसही ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला त्यामागे हा पुरावाही होता. ‘ही लस आपल्या मुलींवर कधी तपासलीच नाही’ असे कुणी लिहिले तर त्याला बार्शीचे नाव सांगा.

तर संमतीबद्दल आमचा आग्रह असा आहे. संमतीपत्र सत्राच्या निदान सात दिवस आधी घरी जाऊ द्या. आदल्या दिवशी पाठवलेला कागद म्हणजे गळ्यात मारलेला कागद. त्यावर ‘होकार’ आणि ‘नकार’ असे दोन्ही रकाने हवेत आणि तिसरा ‘डॉक्टरांशी बोलायचे आहे’ हाही. सही आईची किंवा वडिलांचीच. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात अधीक्षकांनी, वर्गशिक्षकांनी, तुम्ही स्वतः, कुणीही पालकांच्या जागी सही करू नये, पालक कितीही लांब असोत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी दिवाळीच्या आधी किंवा ते परतल्यावर सत्र ठेवा. मधल्या महिन्यांत सही मिळवण्याची धडपड हमखास चुकीच्या सहीत संपते. परीक्षेचे प्रवेशपत्र, शिष्यवृत्ती, हजेरी यांतले काहीही लसीशी जोडू नका. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतल्या शाळांमधली गोवर-रुबेला मोहीम उच्च न्यायालयाने थांबवली होती ती पालकांच्या संमतीच्याच मुद्द्यावर.

कागद परत आले की दोन ढीग वेगळे करा: नकार आलेले आणि कागदच न आलेले. या दोहोंची एकच ‘नकार’ यादी करून आमच्याकडे पाठवली जाते आणि तिथे घोटाळा होतो. न आलेल्या कागदांत बरेचसे दप्तरात चुरगळलेले, वडील परगावी असलेले, वाचता न आलेले असतात. त्या घरी एक फोन पुरतो. नकार देणाऱ्यांना कारण विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ती वही वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. एकाच वाडीतून पाच जणांचे एकच वाक्य आले असेल, तर तिथे कोणता फॉरवर्ड फिरतो आहे ते आम्हाला लगेच कळते.

आता ग्रुप. संमतीपत्र घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेचा संदेश गेला पाहिजे. अफवेच्या आधी, तिच्या उत्तरादाखल नव्हे. लांब पीडीएफ कुणी उघडत नाही. आठ-दहा ओळींचा मजकूर आणि त्याच मजकुराचा पाऊण मिनिटाचा आवाजी संदेश, तोही तुमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या किंवा ज्यांना गाव ओळखते त्या आरोग्यसेविकेच्या आवाजात. नंदुरबारात पावरी, धुळ्या-जळगावात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी, मालेगाव-भिवंडीत उर्दू; ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत. आजी ऐकते, वाचत नाही, आणि बऱ्याच घरांत शेवटचा शब्द आजीचा असतो.

त्या संदेशात त्रासाची माहिती सर्वांत आधी द्या. ‘काहीही होत नाही’ हे वाक्य कधीही लिहू नका, कारण ते दुसऱ्याच दिवशी खोटे ठरते. बहुतेक मुलींचा दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी सूज येते, काहींना ताप आणि डोके दुखते. काही मुलींना सुई टोचल्यावर चक्कर येते. खरी गंभीर अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे मोजक्याच जणींना होते आणि तिचे औषध, अ‍ॅड्रिनॅलिन, सत्राच्या जागी हाताशी असते. अर्धा तास बसवून ठेवतात ते त्यासाठीच. अंगात ताप असेल, मुलगी गरोदर असेल किंवा आधीच्या लसीला तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर तसे आधी सांगावे. पाळी चालू असली तरी लस घेता येते. आणि शेवटी डॉक्टरांचे नाव, फोन करण्याची वेळ, म्हणजे ‘संध्याकाळी सात ते नऊ’ असे नेमके. ज्या पालकाला आदल्या दिवशी सांगितले होते की दंड दुखेल, तो दुखल्यावर ग्रुपवर धावत नाही.

तरीही व्हिडिओ आलाच, तर तासाभरात उत्तर द्या. पूर्ण माहिती नसेल तर ‘व्हिडिओ पाहिला, तालुक्याला विचारले आहे, नऊ वाजेपर्यंत कळवतो’ एवढे लिहा आणि नऊला कळवा. तो व्हिडिओ ‘हे खोटे आहे’ असे लिहून स्वतः पुढे पाठवू नका. पुढच्या माणसाकडे तुमची ओळ गळते आणि व्हिडिओ शाळेकडून आला म्हणून पोहोचतो. उत्तराची सुरुवात खऱ्या माहितीने करा, अफवेचा उल्लेख मधे एकदाच, शेवटी पुन्हा खरी माहिती. ज्याने टाकला त्याला ग्रुपवर झापू नका. वेगळा फोन करा, बहुतेक वेळा तो बापही घाबरलेला असतो. अ‍ॅडमिनशिवाय कुणी लिहू नये अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे, पण त्या रात्री ती वापरू नका. ग्रुप बंद केला की पालक दुसरा ग्रुप काढतात, आणि त्यात तुम्ही नसता.

काही प्रश्न ठरलेले आहेत, त्यांची उत्तरे आधीच जवळ ठेवा. मूल होणार नाही का? या लसीत जिवंत विषाणू नाही, विषाणूच्या बाहेरच्या आवरणासारखे दिसणारे प्रथिन आहे. त्याने संसर्ग होत नाही आणि गर्भधारणेशी त्याचा संबंध नाही. उलट कर्करोगाआधीच्या जखमेवर गर्भाशयमुखाचा भाग काढावा लागला, तर पुढे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वाढतात. मुलींनाच का? हा प्रश्न चांगला आहे, टाळू नका. गर्भाशयमुखाचा कर्करोग बायकांनाच होतो म्हणून आपल्याकडे आधी मुली. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१९ पासून शाळेतल्या मुलग्यांनाही हीच लस देतात. इतक्या लहान वयात का? लस संसर्गाआधीच लागू पडते आणि या वयात शरीर तिला अधिक जोमाने प्रतिसाद देते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे बरेच पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा मनात मुलीच्या वळणाची काळजी असते. ती बोलून दाखवायला लावू नका, लग्नानंतरच्या आयुष्यासाठीची ही तयारी आहे एवढे पुरते. फायदा कुणाला झाला? स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एकही रुग्ण सापडला नाही. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हेही लपवू नका की लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

पाळीबद्दल वेगळे सांगायला हवे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनेक मुलींची अनियमित असते. तालुक्यात पाच हजार मुलींना लस दिली तर पुढच्या महिन्यात त्यांतल्या शेकडो जणींची पाळी पुढेमागे होणार, जशी ती लस न देताही झाली असती. कुणाला डेंग्यू होईल, कुणाचे अ‍ॅपेंडिक्स दुखेल. ‘लसीनंतर’ आणि ‘लसीमुळे’ यांतला फरक शिक्षकांनी एकदा पालकसभेत फळ्यावर मांडून दाखवावा. विज्ञानाचे शिक्षक हे आमच्यापेक्षा चांगले करतील.

सत्र शाळेत असेल तर सर्वांत जास्त लक्ष चक्कर येण्यावर द्या, कारण व्हिडिओचा कच्चा माल तिथे तयार होतो. कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार गावात २०१४ मध्ये शाळकरी मुलींना चक्कर, थरथर, हातापायांना बधिरपणा असे त्रास होऊ लागले. त्यांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर आणि वाहिन्यांवर फिरले, तसतशा आणखी मुली रुग्णालयात येऊ लागल्या. तपासात लसीचा दोष निघाला नाही. भीतीचा आणि गर्दीचा तो परिणाम होता. २०१२ मध्ये त्या देशात पहिला डोस घेणाऱ्या मुली शंभरात ९५ हून अधिक होत्या. २०१६ मध्ये उरल्या १४.

हे टाळता येते. मुलींना न्याहारी करून बोलवा, उपाशीपोटी रांगेत उभे करू नका. श्रावणात आणि नवरात्रात उपास असतात, ते दिवस टाळा. तीन खोल्या लागतात: थांबण्याची, टोचण्याची, नंतर बसण्याची. टोचण्याची खोली रांगेतून दिसता कामा नये. पडदा नसेल तर चादर बांधा. एका वेळी आठ-दहा मुलीच बोलवा, बाकीच्या वर्गात तास चालू ठेवा. ज्या रडवेल्या झाल्या आहेत त्यांना ताटकळत ठेवू नका, आधी आणि वेगळ्या घेऊन झोपवूनच टोचायला सांगा. बसण्याच्या खोलीत बाकांऐवजी सतरंज्या घाला, बाकावरून पडून डोके फुटते आणि तीच जखम ‘लसीमुळे’ म्हणून फिरते. तिन्ही खोल्यांत मोबाइल नको, शिक्षकांचाही नको.

मुलगी कोसळली तर तिला आडवी करा, पाय वर धरा, बाकीच्यांना बाहेर न्या. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. साध्या चक्करेत चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, नाडी मंद होते आणि आडवे केल्यावर एक-दोन मिनिटांत मुलगी डोळे उघडते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली, नाडी जलद आणि क्षीण झाली, तर ती अ‍ॅलर्जी. क्षणही न दवडता पथकाला बोलवा. कोणत्याही मुलीला ‘नाटक करतेस’ म्हणू नका. तिला खरोखर चक्कर आलेली असते, आणि तो एक शब्द घरी पोहोचला की आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. तिच्या घरी पहिला फोन शाळेचा गेला पाहिजे, शेजाऱ्याचा नव्हे. ‘चक्कर आली होती, आता पाणी पिऊन बसली आहे, तिच्याशी बोला’ असे सांगून फोन मुलीच्या हातात द्या.

संध्याकाळी ग्रुपवर दिवसाचा हिशेब टाका: किती मुलींनी लस घेतली, किती जणींना चक्कर आली, त्या कशा आहेत, कुणाला रुग्णालयात न्यावे लागले का. नाव एकाही मुलीचे नको. आकडा शून्य नसेल तर शून्य लिहू नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक ओळ विचारा, ‘कुणाला काही त्रास आहे का?’ आणि आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. ज्यांनी नकार दिला होता त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रातली पुढची तारीख त्याच संदेशात द्या. पहिल्या खेपेला थांबून पाहणारे पालक दुसऱ्या खेपेला येतात, फक्त दार उघडे असल्याचे त्यांना कळायला हवे.

हे सगळे एका माणसाचे काम नाही. प्रत्येक शाळेने या कामासाठी एक शिक्षिका आणि पालक-शिक्षक संघातली एक आई अशा दोघींची नावे ठरवून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावीत आणि त्यांच्याकडून एका डॉक्टरांचे नाव व नंबर मागून घ्यावा. तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. हे काम या आठवड्यात होण्यासारखे आहे.

आपले,
लसीकरणाच्या कामातील आरोग्यसेविका, परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी